हत्ती गेला, पतंग आला : पक्षाची ओळख आणि आपले मत

१९९८ च्या लोकसभा निवडणुकीची गोष्ट. मतदानाच्या दिवशी सकाळी मी माझ्या वडिलांना केंद्रावर न्यायला निघालो. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. वय झालेले, अक्षरओळख नाही, पण मत चुकवायचे नाही हा त्यांचा नेम. निघताना त्यांनी विचारले, "हत्ती कितवा हाय रे?" मी सांगितले, "आबा, आता हत्ती नाही. पंजावर शिक्का मारायचा." ते उंबऱ्यातच थांबले. "पंजा तर काँग्रेसचा." मी म्हणालो, "हो. पण यंदा आपले सगळे नेते एक झालेत. त्यांनी समझोता केलाय." आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक झाले ना? मग मारतो."

त्या वर्षी औरंगाबादेतून काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील निवडून आले. आबांचे मत त्यांना गेले. पण आबांनी ते रामकृष्णबाबांना दिले नव्हते, काँग्रेसलाही दिले नव्हते. आबांच्या हिशेबी ते मत रिपब्लिकनांच्या एकीला होते. मतपेटीने जे मोजले आणि आबांनी जे दिले, त्या दोन गोष्टी एक नव्हत्या.

मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवले. पण आबांच्या त्या एका वाक्याचा उलगडा करायला मला बरीच वर्षे लागली. तो उलगडा कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि माझ्यासारख्या मास्तरांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

१

मतदार मत कसे ठरवतो? पुस्तकी उत्तर असे की, तो जाहीरनामे वाचतो, उमेदवार तोलतो, आपले हित पाहतो आणि मग कौल देतो. १९६० साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या कॅम्पबेल, कन्व्हर्स, मिलर आणि स्टोक्स या चार अभ्यासकांनी 'द अमेरिकन व्होटर' हा ग्रंथ लिहून या उत्तराला धक्का दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बहुतेक माणसे पक्ष निवडत नाहीत, ती पक्षाची असतात. ही ओळख घरात, लहानपणी, आईबापांकडून येते. ती धर्मासारखी अंगवळणी पडते. पुढे उमेदवार, धोरणे, घटना या सर्वांकडे माणूस त्या ओळखीतून पाहतो. ती डोळ्यांवरचा चष्मा होते. आपल्या पक्षाला सोयीचे ते ठळक दिसते, गैरसोयीचे ते धूसर होते.

हा चष्मा साध्या वस्तुस्थितीलाही सोडत नाही. रेगन यांच्या आठ वर्षांच्या राजवटीत अमेरिकेतील महागाईचा दर बराच खाली आला होता. पण १९८८ च्या पाहणीत कट्टर डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी सांगितले की महागाई वाढली. बाजारात तीच माणसे जात होती, भाव तेच देत होती. तरी विरोधी पक्षाच्या राज्यात काही सुधारले हे त्यांचे मन मानायला तयार नव्हते. लॅरी बार्टल्स या अभ्यासकाने २००२ साली ही गोष्ट पुढे मांडली.

याला उलट मतही आहे. मॉरिस फियोरिना यांनी १९८१ साली म्हटले की, मतदार इतका आंधळा नसतो. तो मनात एक चालू खाते ठेवतो. पक्षाने काय दिले, काय बुडवले, याची नोंद होत राहते आणि त्या खात्याची शिल्लक म्हणजेच त्याची पक्षनिष्ठा. म्हणजे एक म्हणतो, पक्षनिष्ठा ही जात आहे. दुसरा म्हणतो, ती उधारीची वही आहे. आपल्या वस्तीत या दोन्ही गोष्टी सापडतात. पण आपल्याकडे तिसरी एक गोष्ट घडली, जी या दोघांच्याही पुस्तकात नाही. आपल्याकडे पक्षच फुटला आणि ओळख तेवढी राहिली.

२

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. पेटीवर निशाणी. न वाचता येणाऱ्या माणसाने आपली निशाणी ओळखायची आणि कागद त्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. त्या निवडणुकीत उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेबांचा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभव झाला. देशभरात फेडरेशनचे लोकसभेवर दोनच निवडून आले : सोलापूरचे पां. ना. राजभोज आणि तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील करीमनगरचे एम. आर. कृष्णा. मराठवाडाही तेव्हा हैदराबाद राज्यातच होता.

हरणाऱ्या हत्तीला आबांच्या पिढीने मत का दिले? त्यात मिळण्यासारखे काही नव्हते. उलट गावच्या पाटलाच्या डोळ्यावर येण्याचा धोका होता. १९३८ च्या डिसेंबरात कन्नड तालुक्यातील मकरणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी भरविलेल्या परिषदेला बाबासाहेब आले, तेव्हापासून या भागात एक नवा माणूस उभा राहू लागला होता. जोहार सोडून जयभीम म्हणणारा. हत्तीवर मत म्हणजे त्या जयभीमची कागदावरची सही होती. जिंकणे ही पुढची गोष्ट. आधी आपण आहोत हे सांगणे होते.

बाबासाहेबांच्या पश्चात, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. सर्व शोषितांचा, जातीच्या पलीकडचा पक्ष ही बाबासाहेबांची कल्पना. पण दोन वर्षांच्या आत बी. सी. कांबळे आणि दादासाहेब गायकवाड यांचे गट वेगळे झाले. लोकांनी त्यांना 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशी नावे दिली. एका बाजूला संविधानाचा आग्रह धरणारे, दुसऱ्या बाजूला भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरणारे. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. आणि १९६७ साली त्याच दादासाहेबांनी जिल्हा परिषदांसाठी काँग्रेसशी समझोता केला. नंतर खोब्रागडे, गवई असे गट होत गेले. कुणी काँग्रेसवासी झाले. त्यात राजभोजही होते आणि कृष्णाही होते.

पुढे निशाणीही गेली. १९८४ साली कांशीराम यांनी बहुजन समाज पक्ष काढला आणि हत्ती त्यांच्याकडे गेला. म्हणजे नेता गटागटांत वाटला गेला, पक्षाचे नाव कंसातल्या अक्षरांसह छापले जाऊ लागले, चिन्ह दुसऱ्याचे झाले. मिशिगनच्या पंडितांच्या हिशेबाने अशा पक्षाची ओळख एका पिढीत विरून जायला हवी होती.

ती विरली नाही. का?

३

कारण आपल्या माणसाची ओळख तीन पदरी होती आणि आहे. सर्वांत आतला पदर चळवळीचा : बाबासाहेब, निळा झेंडा, बुद्धवंदना, चौदा एप्रिल, सहा डिसेंबर. दुसरा पदर पक्षाचा. तिसरा नेत्याचा, म्हणजे गटाचा. वरचे दोन पदर फाटले तरी आतला शाबूत राहिला.

याचे दोन पुरावे देतो. पहिला १९७४ चा. मुंबईतील एका लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक होती. रिपब्लिकन पुढाऱ्यांचा पाठिंबा काँग्रेसला होता. दीडदोन वर्षांपूर्वीच जन्मलेल्या दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारीला वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या मैदानातील सभेवर हल्ला झाला, दंगल पेटली, भागवत जाधव हा तरुण मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. पुढाऱ्याच्या हुकुमापेक्षा आतला पदर बळकट असतो, हे त्या वेळी दिसले.

दुसरा पुरावा आपल्या दाराचा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. पुढची सोळा वर्षे लाँगमार्च, तुरुंग, लाठ्या. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत वस्तीतल्या माणसाला, तू कोणत्या गटाचा, असे कुणी विचारले नाही. जाळणाऱ्यांनी तर नाहीच विचारले. माझ्या पिढीची राजकीय ओळख कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात झाली नाही. ती नागसेनवनात, मोर्चात आणि जळालेल्या घरांच्या राखेत झाली.

म्हणूनच १९९८ ला आबांनी "एक झाले ना?" एवढेच विचारले. त्या वर्षी प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चार रिपब्लिकन लोकसभेत गेले, तेही खुल्या मतदारसंघांतून. आतल्या पदराला वरचे दोन पदर क्षणभर जुळले की काय होते, याचा तो हिशेब आहे. ती जुळणी टिकली नाही हाही हिशेबच.

४

आता चष्म्याकडे वळतो. इथे मला दुसऱ्यांविषयी बोलण्याआधी स्वतःविषयी बोलले पाहिजे.

आम्ही दोघे भाऊ. थोरला भाऊ एका गटाचा, मी दुसऱ्या. २०११ साली आठवल्यांनी शिवसेना-भाजपशी हातमिळवणी केली. शिवशक्ती-भीमशक्ती असे त्याला नाव मिळाले. आमच्या घरी त्याच सुमारास आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. जेवणे झाल्यावर मी या युतीला गद्दारी म्हटले. नामांतराला उघड विरोध करणाऱ्या पक्षाच्या मांडीवर जाऊन बसणे, दुसरे काय? भाऊ शांतपणे म्हणाला, "सर, काँग्रेसबरोबर गेलं की धोरण, आणि सेनेबरोबर गेलं की गद्दारी? वरळीला चौऱ्याहत्तर साली राज्य कुणाचं होतं? अठ्ठ्याण्णवला आबांना पंजावर शिक्का मारायला कुणी सांगितलं?" भाऊ मला एरवी नावाने हाक मारतो. रागावला की 'सर' म्हणतो.

मी चिडून बोललो. तोही बोलला. त्यानंतर दोन वर्षे आमचे येणे-जाणे बंद होते. वहिनींनी पोरांना एकमेकांकडे पाठवणे थांबवले नाही, एवढाच धागा राहिला.

आज विचार करतो तेव्हा दिसते की भावाचा प्रश्न बरोबर होता. याचा अर्थ काँग्रेस आणि सेना सारख्याच, असा नाही. नामांतराच्या वेळी कोण कुठे उभे होते यात फरक होता आणि तो महत्त्वाचा होता. पण मी तो फरक तोलून 'गद्दारी' म्हटले नव्हते. आधी शब्द आला, कारणे मी नंतर शोधली. माझ्या गटाने केला तो समझोता, त्याच्या गटाने केला तो सौदा : हा निकाल माझ्या चष्म्याने दिला होता आणि मी, राज्यशास्त्राचा मास्तर, त्याला विश्लेषण समजत होतो.

हा चष्मा आपल्याच डोळ्यांवर असतो असे नाही. २०१९ ची लोकसभा घ्या. वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र लढले. माझ्या आईने, जिने आबांबरोबर हत्ती पाहिला होता, "बाळासाहेबांचा पतंग" म्हणून बटण दाबले. पतंग ही निशाणी एमआयएमची, बाळासाहेब आंबेडकरांची नव्हे. पण आतला पदर पुन्हा एकदा परक्या निशाणीवर उतरला. इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते पडली आणि चार वेळा खासदार राहिलेले चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी हरले.

राज्यभर वंचितला सुमारे ४१ लाख मते मिळाली आणि लगेच आमचे पुरोगामी मित्र म्हणू लागले : मते फोडली, भाजपची दुसरी फळी. नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला दीड लाखांहून अधिक मते होती. झाले, गुन्हा सिद्ध! पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : ती दीड लाख मते मुळात काँग्रेसची होती आणि कुणीतरी ती पळवली. ती काँग्रेसची कधी झाली, हे कुणी सांगत नाही. औरंगाबादेत काँग्रेसच्या उमेदवाराला सुमारे ९१ हजार मते पडली. अपक्ष हर्षवर्धन जाधवांना दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक. त्यांनी कुणाची मते फोडली, याची एवढी चौकशी झाली नाही. प्रस्थापितांचे मत हे मत, आणि आपले मत म्हणजे फोडाफोड : हाही चष्माच आहे. आणि ज्यांना पाडल्याचे पाप आपल्या माथी मारले, ते अशोक चव्हाण २०२४ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या पायांनी भाजपमध्ये गेले.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे पुन्हा आपलाच चष्मा पुसून डोळ्यांवर चढविणे. २०१९ च्याच विधानसभेआधी जागावाटपावरून वंचित आणि एमआयएम वेगळे झाले. दोघांनाही औरंगाबाद शहरात काही मिळाले नाही. विधानसभेत वंचितचा एकही आमदार गेला नाही. २०२४ च्या लोकसभेला संविधान बदलाची भीती वस्तीवस्तीत पसरली आणि आपल्यातील पुष्कळांनी महाविकास आघाडीला मते दिली. आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. येथे वंचितचा उमेदवार वेगळा होता. जलील एक लाखाहून अधिक मतांनी हरले आणि शिंदे यांच्या सेनेचे संदिपान भुमरे निवडून आले. थोडक्यात, आबांचे घराणे हत्ती, पंजा, पतंग असे फिरत राहिले. प्रत्येक वेळी आतली निष्ठा खरी होती. प्रत्येक वेळी तिचा उपयोग कुणी केला, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

५

या शहराने अलीकडे आणखी एक धडा दिला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. २०२४ ला येथे दोन सेना समोरासमोर आल्या. धनुष्यबाण जिंकला, मशाल घेतलेले खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले. विजयाची कारणे अनेक असतील, पण निशाणी हाती असणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या फुटीत मात्र निशाणी कुठल्याच गटाकडे राहिली नाही.

शहराच्या नावाचेही तसेच. १९८८ साली बाळासाहेब ठाकऱ्यांनी येथील सभेत 'संभाजीनगर' म्हटले, तेव्हापासून २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत होईपर्यंत पस्तीस वर्षे, माणूस शहराला काय म्हणतो यावरून त्याचा पक्ष ओळखू येत असे. अजूनही येतो. पक्षाची ओळख जिभेवर बसते ती अशी. विद्यापीठाच्या नावाबाबत आपणही हे पाहिले आहे. कुलगुरूंच्या पत्रावर पूर्ण नाव असते. काहींच्या तोंडून मात्र अजून 'मराठवाडा विद्यापीठ' एवढेच निघते.

आणखी एक कटू गोष्ट लिहिली पाहिजे. आपल्या ओळखीची मजबुती हीच तिची मर्यादाही झाली. रिपब्लिकन पक्ष सर्वांचा व्हायचा होता. तो व्यवहारात बहुतांशी बौद्धांचा राहिला. मातंग, चर्मकार, भटके, लहान ओबीसी जाती यांना निळ्या झेंड्याखाली आपले घर दिसले नाही, आणि राखीव जागांवर मोठ्या पक्षांनी त्यांच्यातले उमेदवार आपल्या चिन्हावर उभे केले. त्याबद्दल मोठ्या पक्षांना शिव्या देणे सोपे आहे. आपल्या वस्तीच्या जयंतीत शेजारच्या मातंग वस्तीला आपण कितीदा बोलावले, हे विचारणे अवघड आहे.

मग काय, निष्ठा सोडायची? नाही. ज्याला निष्ठाच नाही त्याचे मत रात्री विकत घेता येते. हत्तीवर मत टाकून पाटलाचा रोष पत्करणाऱ्या आबांच्या निष्ठेने आपल्याला माणूस म्हणून उभे केले. पण निष्ठा कोणत्या पदराला, हे ठरवले पाहिजे. राजकारणात भक्ती आली की हुकूमशाही येते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. आपण त्यांचीच लेकरे, आणि गटनेत्यांच्या वाढदिवसाचे फलक लावण्यात दंग! चळवळीची निष्ठा वारसाने यावी. पक्षाची निष्ठा मात्र हिशेबाने यावी आणि नेत्याची निष्ठा वर्षावर्षाला नव्याने तपासावी. मिशिगनची जात पहिल्या पदराला ठेवू, फियोरिनांची वही दुसऱ्या-तिसऱ्याला लावू.

वर्गात मी एक साधी गोष्ट करीत असे. दोन पुढाऱ्यांची विधाने नाव झाकून फळ्यावर लिहायची. पोरे हिरीरीने बरेवाईट ठरवत. मग नावे उघडी करायची. वर्ग चिडीचूप होई. कुणीतरी म्हणे, "सर, मग त्याचा अर्थ तसा नसेल." चष्मा डोळ्यांवर चढताना दिसतो तो अशा क्षणी.

हेच वस्तीत करता येईल. निवडणुकीआधी विहारात बसावे. गायरानाचे पट्टे, शिष्यवृत्ती, अत्याचाराचे खटले, पाणी, रमाई आवासची घरे, यावर कोणत्या पक्षाने आणि कोणत्या गटाने पाच वर्षांत काय केले, ते एका कागदावर नावे झाकून वाचावे. आधी कामाला मार्क द्यावेत, मग नाव उघडावे. नाव उघडल्यावर मार्क बदलावेसे वाटले तर का वाटले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

गेल्या वर्षी भाऊ आणि मी आमच्या वस्तीत असे बसलो. त्याच्या गटाच्या कामाला मी दोन ठिकाणी माझ्या गटापेक्षा जास्त मार्क दिले. त्याने माझ्या गटाला एका ठिकाणी दिले. नावे उघडल्यावर दोघेही थोडे ओशाळलो. परतताना भावाने मला नावाने हाक मारली आणि विचारले, "मग यंदा शिक्का कुठं?" शिक्का जाऊन बटण आले त्याला वीस वर्षे झाली, पण आमच्या घरात अजून शिक्काच म्हणतात. मी म्हणालो, "अजून ठरलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी हे उत्तर खरे दिले होते.